कॉलेजचं रोजचं बातमीपत्र कुणी उघडतच नाही. काय बदलू?

निळी_शाई

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजात रोज सकाळी सगळ्यांना ईमेलने एक बातमीपत्र जातं. आजचे-उद्याचे कार्यक्रम, विभागांच्या सूचना, ग्रंथालयाच्या वेळा, स्पर्धांच्या शेवटच्या तारखा, कुणाला बक्षीस मिळालं तर अभिनंदन, असं सगळं त्यात असतं. या सत्रापासून ते काम माझ्याकडे आलंय. मी दुसऱ्या वर्षाला आहे आणि हे काम मी मागून घेतलंय, कारण कॅम्पसवर किती काय चाललेलं असतं हे पहिल्या वर्षी मला कुणी सांगितलंच नव्हतं.

अडचण अशी, की पत्र कुणी उघडत नाही. गेल्या आठवड्यात दुर्बिणींवर व्याख्यान झालं. वक्त्यांनी दुर्बिणीचा आरसा कसा घडवतात ते टेबलावर करून दाखवलं. काचेवर काच, मध्ये पाण्यात भिजवलेली घासायची पूड, आणि हात सतत पुढे-मागे. घासताना येणारा खरखर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता, पण निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या! बाहेर पडले तर वर्गातली मैत्रीण म्हणते, "अगं, आधी सांगायचंस ना, मी आले असते." आठवडाभर ती सूचना पत्रात सगळ्यात वर होती.

सर म्हणतात पोस्टर कर, रंगीत कर. मित्र म्हणतात ईमेलच बंद कर. ज्यांनी असं पत्र चालवलंय त्यांनी कृपया सांगा, नेमकं काय बदलू?

तालीम_चालू

ईमेल सोड. आमच्या नाट्यमंडळाचं सगळं इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. तालमीचा एक फोटो, खाली तारीख, झालं काम. ज्यांना यायचंय त्यांना संध्याकाळपर्यंत कळलेलं असतं.

जुनी_फाईल

निळी_शाई, कॉलेजच्या कार्यालयात बसून हेच पत्र मी वर्षानुवर्षं काढलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोक बातमीपत्र कार्यक्रमासाठी उघडत नाहीत. आपला दिवस कुठे अडणार आहे का, हे बघायला उघडतात. लिफ्ट बंद आहे, दहाचा तास दुसऱ्या इमारतीत हलवलाय, ग्रंथालय आज पाचलाच बंद होणार, वसतिगृहात दुपारी पाणी नाही, फॉर्म भरायची मुदत वाढली. ही खरी कॅम्पसची बातमी. मी पत्राच्या डोक्यावर एकच मथळा ठेवायचे: "आज काय बदललंय". त्याखाली दोन ओळी असोत नाहीतर सहा, काहीच बदललं नसेल तर "आज सगळं नेहमीप्रमाणे" असं स्पष्ट लिहायचं. त्यानंतर कार्यक्रम. पत्र उघडलं नाही तर आपली फेरी फुकट जाते हे एकदा कळलं, की लोक रोज उघडतात. आणि रोज उघडणाऱ्याच्या नजरेला तुझी दुर्बीण आपोआप पडते.

याचं मला फार आवडणारं उदाहरण केंब्रिज विद्यापीठातलं आहे. तिथल्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एकच भांडं होतं. दुसऱ्या मजल्यांवरचे लोक जिने चढून यायचे आणि भांडं रिकामं. म्हणून १९९१ मध्ये त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचं लहानसं, काळंपांढरं चित्र आतल्या नेटवर्कवरून प्रत्येकाच्या पडद्यावर दिसेल अशी सोय केली. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं, आणि २००१ मध्ये कॅमेरा बंद होईपर्यंत जगभरातून लोक ते बघत होते. जगातला पहिला वेबकॅम म्हणून तो ओळखला जातो. त्यावर दिसायचं काय, तर कॉफी आहे की नाही. जिना चढण्याआधी माणसाला जे हवं असतं, नेमकं तेवढंच!

आता तुझ्या व्याख्यानाची सूचना. मला खात्री आहे की ती अशी आली असणार:

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, भौतिकशास्त्र विभाग व विज्ञान मंडळ यांच्या संयुक्त विद्यमाने 'खगोलीय उपकरणे : एक दृष्टिक्षेप' या विषयावर व्याख्यानाचे आयोजन करण्यात आले आहे. तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी."

हे सगळं आयोजकांबद्दल झालं. येणाऱ्याला काय मिळणार ते यात कुठेच नाही. इतिहास शिकणारी मुलगी हे वाचते आणि हे आपल्यासाठी नाही असं समजून पुढे जाते. मी ते असं केलं असतं:

"दुर्बिणीचा आरसा हाताने घडवताना पाहा. गुरुवार, दुपारी ३ ते ४:१५. विज्ञान इमारत, तळमजला, मुख्य सभागृह. गणित यावं लागत नाही, कोणत्याही शाखेचे या. नोंदणी नाही, उशीर झाला तरी मागच्या दाराने आत येता येईल. व्हीलचेअरसाठी उतारही त्याच दाराला आहे."

शेवटची वेळ मी मुद्दाम घातलीय. कार्यक्रम कधी सुरू होतो हे सगळेच सांगतात. तो कधी संपतो यावर मात्र पुढचा तास गाठता येईल की नाही ते ठरतं, आणि बरीच मुलं तेवढ्यासाठी येत नाहीत. विभागांची नावं काढू नकोस, शेवटच्या ओळीत दे. नाहीतर विभागप्रमुखांचा फोन येईल, आणि त्यांचं म्हणणंही चूक नाही, कष्ट त्यांच्याच माणसांनी केलेले असतात.

पोस्टरबद्दल. पोस्टर भिंतीवर जरूर लाव. पण पत्रात नुसतं चित्र चिकटवू नकोस. ज्यांना दिसत नाही ते विद्यार्थी फोनकडून वाचून घेतात, आणि चित्रातली अक्षरं फोनला बहुतेक वेळा नीट वाचता येत नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो कार्यक्रम जाहीरच झालेला नसतो. शिवाय महिन्याने कुणी शोध घेतला तर चित्रातलं नाव सापडत नाही. तालीम_चालू यांची पद्धत त्यांच्या मंडळाला चांगली आहे, पण इन्स्टाग्रामची स्टोरी २४ तासांनी दिसेनाशी होते, आणि ग्रुपवर सकाळी टाकलेली सूचना संध्याकाळी दोनशे "ओके"च्या खाली असते. तिथे टाकायचंच असेल तर पत्राची लिंक टाक, म्हणजे बदल एकाच जागी करावा लागेल.

आणखी एक, "उद्या" हा शब्द पत्रात कधीही लिहू नकोस. पत्र रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी उघडणारे खूप असतात. वार आणि तारीख दोन्ही लिही, म्हणजे एक चुकलं तर दुसऱ्यावरून लक्षात येतं. आणि मुदत "रविवारी रात्री १२ पर्यंत" अशी देऊ नकोस. ती रविवार सुरू होतानाची की संपतानाची, यावरून दर वर्षी कुणाचा तरी अर्ज राहतो. "रविवार, रात्री ११:५९" लिहिलं की प्रश्न मिटला.

मागचा_बाक

ताईंच्या तारखेच्या मुद्द्याला माझ्याकडून जोड. मी इतिहास शिकवतो.

जगातली बहुधा सगळ्यात गाजलेली विद्यापीठाची सूचना म्हणजे जर्मनीतला धर्मसुधारक आणि विटेनबर्ग विद्यापीठातला प्राध्यापक मार्टिन ल्यूथर याचे चर्चच्या पापक्षमापत्रांविरुद्धचे ९५ मुद्दे, ३१ ऑक्टोबर १५१७. विटेनबर्गच्या चर्चचं दार हा त्या काळी विद्यापीठाचा सूचनाफलकच होता, वादसभांच्या सूचना तिथे लागायच्या. ल्यूथरने कागद स्वतः खिळ्यांनी ठोकला का, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पण कागदाचं स्वरूप वादसभेच्या सूचनेचं आहे. वर विषय, अध्यक्ष म्हणून ल्यूथरचं नाव आणि पदवी, ठिकाण विटेनबर्ग, आणि ज्यांना समक्ष येता येणार नाही त्यांनी लेखी मत कळवावं अशी विनंती. तारीख आणि वेळ मात्र नाही. ती वादसभा प्रत्यक्षात झालीच नाही.

मला त्यातली लेखी मताची विनंती महत्त्वाची वाटते. ज्याला गुरुवारी तीनला जमणार नाही त्यानेही वक्त्याला प्रश्न पाठवावा, अशी एक ओळ प्रत्येक व्याख्यानाच्या सूचनेत घालता येईल. आमच्या विभागात आम्ही तसं करतो. न आलेल्यांचे प्रश्न कधी कधी समोर बसलेल्यांपेक्षा चांगले असतात, आणि पुढच्या वेळी ती मंडळी येतात.

निळी_शाई

जुनी_फाईल ताई, तुम्ही लिहिलेली जुनी सूचना जवळजवळ शब्दशः तशीच होती! सर, लेखी प्रश्नांची कल्पना फारच आवडली, विज्ञान मंडळाला आजच सांगते.

एक विचारू का? वाचणाऱ्यांना मजा यावी म्हणून "आज काय बदललंय" मध्ये थोडा विनोद घातला तर चालेल?

सर्व्हर_खोली

त्या मथळ्याखाली नको, एवढंच सांगतो. यामागे एक खरी घटना आहे.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ च्या सप्टेंबरमध्ये संगणकावरच्या सूचनाफलकावर एक कोडं चाललं होतं: लिफ्ट तुटून खाली पडत असेल तर तिच्यातल्या पेटलेल्या मेणबत्तीचं आणि पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल. त्यावर कुणीतरी गमतीत सावधगिरीची सूचना टाकली, की भौतिकशास्त्राच्या प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडलाय. ज्यांनी आधीची चर्चा वाचली नव्हती त्यांना ती खरी वाटली. मग विनोद ओळखायचा कसा यावर खल झाला, आणि १९ सप्टेंबर १९८२ ला तिथलेच संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फाल्मन यांनी कोलन, आडवी रेघ आणि बंद कंस अशी खूण सुचवली. आज आपण फोनवर जे हसरे चेहरे पाठवतो त्यांचा हा पूर्वज. तो मूळ संदेश हरवला होता, २००२ मध्ये जुन्या बॅकअप टेपांवरून पुन्हा मिळवला.

लिफ्ट बंद असल्याची ओळ वाचून कुणाला जिना चढायचा की नाही ते ठरवायचं असतं. तिथे शंका यायला जागा नको. व्यंगचित्र, कोडं, काय हवं ते पत्राच्या शेवटी दे, लोक तिथपर्यंत आनंदाने येतील.

अजून एक काम कर. प्रत्येक कार्यक्रमासोबत कॅलेंडरची फाईल जोड. आयकॅलेंडर नावाचा ठराविक साचा आहे, १९९८ मध्ये ठरला आणि २००९ मध्ये सुधारला गेला. बहुतेक फोनचं कॅलेंडर ती फाईल वाचतं. एकदा दाबलं की कार्यक्रम वेळेसकट नोंदला जातो. "विसरले गं" हे त्यामुळे बरंच कमी होतं.

भित्तिपत्रक

मला एक गोष्ट खटकतेय. तुम्ही सगळे वेळ आणि खोल्यांबद्दल बोलताय. पण वसतिगृहात पाणी का नाही, आणि ते दर महिन्याला का जातं, हे कोण लिहिणार? अभिनंदनाच्या बातम्या देणाऱ्या पत्रात ते कधीच छापून येत नाही. मग मुलांनी त्यावर विश्वास का ठेवावा?

जुनी_फाईल

प्रश्न रास्त आहे. पण ते काम या पत्राकडून करून घेऊ नका, त्यासाठी वेगळं पत्र काढा. केंब्रिजमध्ये विद्यापीठाचं अधिकृत "रिपोर्टर" १८७० पासून निघतं, आणि विद्यार्थ्यांचं "व्हर्सिटी" १९४७ पासून वेगळं निघतं. पहिल्यात निर्णय आणि तारखा कळतात, दुसऱ्यात त्या निर्णयांना प्रश्न विचारले जातात. दोन्ही एका हातात दिली तर प्रशासन प्रश्न गाळतं आणि मुलांचा तारखांवरचाही भरवसा जातो.

अधिकृत पत्राने मात्र एक पथ्य पाळलंच पाहिजे. अडचण लपवायची नाही. "काही तांत्रिक कारणास्तव" हे शब्द मी माझ्या पत्रात येऊ दिले नाहीत. "पंप नादुरुस्त, दुरुस्ती शुक्रवारी, तोवर पाणी सकाळी ६ ते ८" एवढं लिहायला कुणाची परवानगी लागू नये. वरून नकार आला तर निळी_शाईने हट्ट धरावा. मी धरायचे, आणि बहुतेक वेळा मान्य व्हायचं, कारण तसं छापलं की कार्यालयातले फोन थांबायचे.

भित्तिपत्रक

हे पटलं. आमचं हाताने लिहिलेलं भित्तिपत्रक मध्यंतरी बंद पडलंय, ते पुन्हा लावतो. निळी_शाई, पंपाची तारीख तुझ्या पत्रात आली की कारणांचा पाठपुरावा आम्ही करू.

निळी_शाई

नक्की. सोमवारच्या अंकापासून वर "आज काय बदललंय", मग कार्यक्रम, मग झालेल्या कार्यक्रमांवर दोन-दोन ओळी, सगळ्यात खाली कोडं. आरसा घासण्याचं जे बघितलं तेही लिहिते, वक्त्यांनी पुन्हा यायचं कबूल केलंय.

ताई, शेवटचं एक. मजकूर घ्यायची वेळ कुठली ठेवू? विभाग रात्री अकराला पाठवतात आणि सकाळी का आलं नाही म्हणून विचारतात.

जुनी_फाईल

आदल्या दिवशी दुपारी ४, आणि ती वेळ रोज पत्राच्या तळाशी छाप. नंतर आलेला कार्यक्रम परवाच्या अंकात, पाठवणारा कुणीही असो. रद्द झालेलं आणि जागा बदललेलं मात्र रात्री कितीही वाजता आलं तरी घे, आणि अंक निघून गेला असेल तर वेगळा ईमेल पाठव. विषयात पहिला शब्द "रद्द" किंवा "जागा बदलली", मग कार्यक्रमाचं नाव. रद्द झालेली सूचना पत्रातून पुसून टाकू नकोस, तिच्यावरच "रद्द" लिहून ठेव, नाहीतर ज्यांनी आधी वाचलंय ते येऊन दाराशी उभे राहतील.