नेत्याची व्यक्तिगत पात्रता आणि भूमिकेतील सातत्य : मतदाराने नेमके काय विचारावे?

वारणाकाठचा मतदार

गेल्या महिन्यात माळ्यावरची जुनी रद्दी आवरताना आमच्या मतदारसंघातील एकाच उमेदवाराची २०१४, २०१९ आणि २०२४ या तीन विधानसभा निवडणुकांतील प्रचारपत्रके हाती लागली. तिन्हींवर हात जोडलेले छायाचित्र एकच आहे, चिन्हे मात्र तीन आहेत. पहिल्या पत्रकात ज्या पक्षाने तालुक्याचे पाणी पळवले असे म्हटले होते, त्याच पक्षाच्या नेत्याचे छायाचित्र तिसऱ्या पत्रकाच्या माथ्यावर आहे. मागच्या बाजूला उपसा सिंचन योजनेचे आश्वासन छापलेले असून ते तिन्ही वेळा शब्दशः सारखे आहे. दुसऱ्या पत्रकातील शुद्धलेखनाची चूकसुद्धा तिसऱ्यात तशीच उतरली आहे.

गेल्या निवडणुकीत आमच्या चौकात कोपरा सभा झाली तेव्हा मी उभा राहून एवढेच विचारले होते, की दहा वर्षांत आपण दोनदा पक्ष बदलला, त्यामागचे कारण आम्हाला सांगाल का? उत्तर येण्याआधीच एका कार्यकर्त्याने माझ्या हातातला माईक काढून घेतला आणि साहेबांना वैयक्तिक प्रश्न विचारू नका, असे बजावले. तेव्हापासून हा ‘वैयक्तिक’ शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ज्याला आपण पाच वर्षांसाठी आपल्या वतीने कायदे करण्याचा अधिकार देतो, त्याच्या सचोटीविषयी, मालमत्तेविषयी किंवा बदललेल्या भूमिकेविषयी विचारणे हे वैयक्तिक कसे ठरते? आणि भूमिका बदलणे हा प्रत्येक वेळी दोषच मानायचा का? जाणकारांनी सविस्तर लिहावे. कोणत्याही एका पक्षाची बाजू घेऊन किंवा एका पक्षावर रोख ठेवून उत्तर देऊ नये, ही विनंती.

निवृत्त ग्रामसेवक

मी तीस वर्षे ग्रामपंचायतीत काम केले, त्यामुळे खालून वर पाहून लिहितो. आपल्या राज्यात ‘वैयक्तिक’ प्रश्न कायद्याने विचारले जातात, पण ते फक्त गावात विचारले जातात. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात मुलांची संख्या दोनहून अधिक झाली, तर ती व्यक्ती ग्रामपंचायतीची सदस्य राहू शकत नाही. घरी शौचालय असून ते वापरात असल्याचा दाखला जोडावा लागतो. शासकीय जागेवर अतिक्रमण असेल तर सदस्यत्व जाते आणि घरच्या मंडळींनी केलेल्या अतिक्रमणात राहणाऱ्या सदस्यालाही ही अपात्रता लागू होते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. सरपंचाची थेट निवड सुरू झाली तेव्हा, २०१७ मध्ये, १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी सातवी उत्तीर्ण असण्याची अटही आली.

आता यांपैकी कोणती अट आमदाराला आहे ते पाहा. राज्यघटनेच्या १७३व्या अनुच्छेदानुसार विधानसभेसाठी वय २५ पूर्ण हवे, नागरिकत्व हवे आणि शपथ घ्यावी लागते. शिक्षण, अपत्ये, शौचालय किंवा अतिक्रमण यांचा तिथे प्रश्नच येत नाही. ज्या सभागृहाने सरपंचावर या अटी घातल्या, त्याच सभागृहाच्या सदस्यांना त्या नाहीत.

एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. तिसरे मूल झाल्याच्या तक्रारीवरून आमच्या पंचायतीच्या एका सदस्याचे प्रकरण सुनावणीला लागले. त्या बाई जन्मनोंदीच्या उताऱ्याची घडी पदरात बांधून दोन वेळा एसटीने जिल्हाधिकारी कार्यालयात गेल्या आणि शेवटी त्यांचे सदस्यत्व गेले. त्या दिवशी कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी मला विचारले, “भाऊसाहेब, मुंबईच्या सभागृहात बसणाऱ्यांची मुलं कोण मोजतं?” माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. दोन अपत्यांची अट मला स्वतःला न्याय्य वाटत नाही, कारण तिचा भार बहुतेक वेळा स्त्रियांवर पडतो आणि मूल होऊ द्यायचे की नाही हा निर्णय अनेकदा त्यांच्या हातात नसतो. परंतु व्यक्तिगत आयुष्यातील पात्रता तपासायचीच असेल, तर जिथे अधिकार जास्त आहे तिथे ती आधी तपासली पाहिजे.

छाननी

मी वकिली करतो आणि काही निवडणुकांत उमेदवारांच्या नामनिर्देशनपत्रांचे काम केले आहे. मतदाराला विचारण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न न्यायालयांनी बऱ्याच अंशी सोडवलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाणून घेण्याचा मतदाराचा अधिकार मान्य केला. त्यानंतर संसदेने कायद्यात बदल करून त्या अधिकाराला कात्री लावली, पण १३ मार्च २००३ च्या निकालाने तो बदल रद्द झाला. आज उमेदवार जे ‘नमुना २६’ प्रतिज्ञापत्र भरतो ते या दोन निकालांतून आलेले आहे. रकाने रिकामे सोडता येत नाहीत, हेही २०१३ मध्ये ठरले. म्हणूनच तुम्हाला त्यात ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे शब्द वारंवार दिसतात. आता स्वतःच्या आणि पती किंवा पत्नीच्या उत्पन्नाचे स्रोतही लिहावे लागतात.

अडचण पुढेच आहे. खोटे प्रतिज्ञापत्र दिल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ नुसार जास्तीत जास्त सहा महिने कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निवडणूकच रद्द करून घ्यायची तर निकालापासून ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात याचिका दाखल करावी लागते, आणि ही मुदत सामान्य मतदाराला सहसा ती उलटून गेल्यावर कळते. गुन्हे नुसते प्रलंबित असल्याने कोणी अपात्र ठरत नाही. त्यासाठी दोषसिद्धी लागते आणि बहुतेक गुन्ह्यांत किमान दोन वर्षांची शिक्षा लागते. पूर्वी पदावर असलेल्या आमदार-खासदारांना अपील दाखल करून पद राखता येत असे. ती सवलत १० जुलै २०१३ च्या निकालाने संपली. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले आणि गुन्हे प्रलंबित असलेल्या व्यक्तीलाच उमेदवारी का दिली याचे कारण पक्षाने जाहीर करावे, तसेच निवडून येण्याची क्षमता हे एकमेव कारण असू नये, असा आदेश दिला. त्याचे पालन नीट न केल्याबद्दल पुढच्याच वर्षी, बिहारच्या निवडणुकीसंदर्भात, अनेक पक्षांना दंड झाला.

तरीही एक मर्यादा ध्यानात ठेवावी. एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की उमेदवाराच्या खासगी आयुष्यातील प्रत्येक बारीकसारीक गोष्ट जाणून घेण्याचा निरपवाद अधिकार मतदाराला नाही. मला हा निकाल योग्य वाटतो. नेत्याचे लग्न, त्याचे खाणेपिणे किंवा त्याची देवपूजा यांत माझे काही काम नाही. परंतु ज्या गोष्टीचा त्याच्या हातातील सत्तेशी संबंध येतो, ती गोष्ट खासगी उरत नाही. तुमचा पक्षांतराचा प्रश्न तर संपूर्णपणे सार्वजनिक होता. कार्यकर्त्याने माईक घेतला ही अरेरावी झाली, त्याला कायद्याचा कोणताही आधार नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहिते आहे. सातत्याविषयी बोलायचे तर आमच्याकडचा अनुभव इतका ताजा आहे की तो सांगताना अजूनही मन खट्टू होते. मार्च २०१९ मध्ये मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) तीन आमदारांपैकी दोघे सत्ताधारी पक्षात विलीन झाले आणि जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा जणांनी तेच केले. तीनांतले दोन आणि पंधरांतले दहा, दोन्ही ठिकाणी बरोबर दोन तृतीयांश. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेले संरक्षण काढून घेतले, पण दहाव्या परिशिष्टातील, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातील, विलीनीकरणाची ही दोन तृतीयांशांची वाट मोकळीच राहिली. एकट्याने गेलेला आमदार अपात्र ठरतो आणि घोळक्याने गेलेले वाचतात. हे मला कधीच पटलेले नाही.

जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसापाशी (क्रॉसपाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. माझ्या आईने ते दूरदर्शनवर पाहिले आणि तिने हात जोडले. देवासमोर दिलेला शब्द कोणी मोडत नाही, अशी तिची श्रद्धा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये निवडून आलेल्या अकरांपैकी आठ जण सत्ताधारी पक्षात गेले आणि त्यांतील एका ज्येष्ठ आमदाराने देवाला विचारूनच आपण हा निर्णय घेतल्याचे सांगितले. त्या रात्री आई जेवली नाही. पक्ष कोणता याचे तिला काही नव्हते, पण ज्या देवळात ती दर शुक्रवारी ओटी भरते तिथला शब्द असा वापरला गेला याचे तिला दुःख झाले.

पात्रतेच्या बाबतीतही आम्ही एक कठीण प्रश्न अनुभवला आहे. मनोहर पर्रीकर २०१८ च्या फेब्रुवारीपासून १७ मार्च २०१९ रोजी निधन होईपर्यंत गंभीर आजारी होते आणि मुख्यमंत्रिपदावरच होते. नाकात नळी असताना त्यांनी जानेवारी २०१९ च्या अखेरीस अर्थसंकल्प मांडला. त्या जिद्दीबद्दल मला आजही आदर आहे. पण राज्याचा कारभार प्रत्यक्षात कोण पाहत आहे, हा प्रश्न विचारणाऱ्यांना तेव्हा निर्दय ठरवले गेले आणि ते चूक होते. आजाराचा तपशील मागणे आणि फायलींवर निर्णय कोण घेते हे विचारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी विचारण्याचा आम्हाला पूर्ण हक्क होता.

सह्याद्रीपुत्र

भूमिका बदलणे हा दोषच का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. माझ्या मते संयुक्त महाराष्ट्राचा काळ यासाठी फार उपयोगी आहे. चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले; त्यांची भूमिका आणि त्यांचे पद एकमेकांशी जुळेना, तेव्हा त्यांनी पद टाकले. यशवंतराव चव्हाणांचा मार्ग वेगळा होता. नेहरू की महाराष्ट्र असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी नेहरूंना मोठे म्हटले, लोकांचा रोष ओढवून घेतला आणि द्विभाषिक राज्याचे मुख्यमंत्रिपद स्वीकारले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीला कौल दिला आणि कराडला ते स्वतः जेमतेम निवडून आले. त्यानंतर हे राज्य टिकणार नाही, ही गोष्ट दिल्लीच्या गळी उतरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. या दोघांत भूमिका बदलली ती यशवंतरावांनी. तरी मी त्यांना लबाड म्हणणार नाही, कारण बदलाचे कारण मतदारांच्या कौलात उघड दिसत होते आणि बदललेली भूमिका त्यांनी पुढे निभावली.

याउलट १९९९ पाहा. सोनिया गांधींच्या परदेशी जन्माच्या मुद्द्यावर मे महिन्यात काँग्रेसमधून बाहेर पडावे लागलेल्या नेत्यांनी राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना केली आणि ऑक्टोबरमध्ये त्याच काँग्रेसबरोबर राज्यात सरकार स्थापन केले. २०१९ मध्ये मतमोजणीनंतर महिन्याभरात युती मोडली, २३ नोव्हेंबरला सकाळी झालेला शपथविधी तीन दिवसांत निष्फळ ठरला आणि मग तिसरेच सरकार आले. जून २०२२ आणि जुलै २०२३ मध्ये दोन पक्ष उभे फुटले. यांतील एकही पक्ष स्वतःला या यादीतून वगळू शकत नाही. प्रत्येक वेळी कारण दिले गेले ते राज्याच्या हिताचे, आणि प्रत्येक वेळी ते कारण मतदान होऊन गेल्यावर सुचले. माझा खरा आक्षेप या वेळेवर आहे. मत मागताना एक सांगायचे आणि मत मिळाल्यावर दुसरे करायचे, यात मतदाराला पुन्हा विचारण्याची पायरीच गाळली जाते. भूमिका खरोखर बदलली असेल, तर राजीनामा देऊन त्याच मतदारसंघात पुन्हा उभे राहता येते.

पात्रतेविषयी एक जोडतो. सिमेंटचे वाटप आणि न्यासाला मिळालेल्या देणग्या यांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी १९८२ मध्ये ठपका ठेवल्यावर बॅ. अंतुले यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. १९८६ मध्ये वैद्यकीय परीक्षेच्या गुणवाढीच्या प्रकरणात न्यायालयाचे ताशेरे आल्यावर शिवाजीराव निलंगेकरांनी सोडले. त्या काळातले सगळे नेते सज्जन होते असे मी म्हणत नाही, पण ताशेरे आल्यावर खुर्चीत बसणे अवघड होत असे, कारण स्वपक्षातले लोकसुद्धा विचारत. आज आपण मतदारच आपल्या आवडत्या नेत्याला एक माप लावतो आणि नावडत्याला दुसरे. माझ्या घरातही हे होते. माझे थोरले बंधू आणि मी एकाच ताटात जेवताना एकाच कृत्याला दोन नावे देतो.

वारणाकाठचा मतदार

सर्वांचे मनापासून आभार. ग्रामसेवक साहेबांनी सांगितलेला त्या बाईंचा प्रश्न मी वहीत उतरवून ठेवला आहे. छाननी साहेब, एक विचारायचे राहिले. आमच्या उमेदवाराची तिन्ही वेळची प्रतिज्ञापत्रे मला कुठे मिळतील?

छाननी

निवडणूक आयोगाच्या आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळांवर पाहा. एखादे तिथे सापडले नाही, तर जिल्हा निवडणूक कार्यालयात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. वाचताना केवळ मालमत्तेच्या एकूण आकड्यावर थांबू नका, कारण जमिनीचे बाजारभाव वाढल्यानेही तो फुगतो. गट क्रमांक, खरेदीची तारीख आणि खरेदीच्या वेळची किंमत हे तीन रकाने तिन्ही वर्षांचे शेजारी ठेवून पाहा. त्याचबरोबर शासकीय देण्यांचा रकाना आणि प्रलंबित गुन्ह्यांची कलमेही पाहा. एखादा गट क्रमांक एका वर्षी असून पुढच्या वर्षी नसेल, तर लगेच आरोप करू नका. जमीन विकलेली किंवा वाटणीत गेलेली असू शकते. आधी सातबारा आणि फेरफार काढा.

वारणाकाठचा मतदार

तिन्ही मिळाली. २०१४ चे पान फिकट छापले गेले आहे, पण भिंगाखाली वाचता येते. गट क्रमांक जुळवण्याचे काम चालू आहे आणि तलाठ्यांकडे दोन फेरफारांसाठी अर्ज दिला आहे. पुढच्या वेळी चौकात सभा झाली तर मी हे कागद आणि ती तीन पत्रके बरोबर नेणार आहे आणि पहिला प्रश्न त्या उपसा सिंचन योजनेचाच विचारणार आहे.