माती ओली, तरी एचेव्हेरियाची पानं सुरकुतलेली. रोप वाचेल का?

सायली:
एचेव्हेरिया (जाड, रसदार पानांचं शोभेचं रोप) खिडकीपासून हातभर आत, चिनी मातीच्या भांड्यात आहे. भांड्याला भोक नाही म्हणून तळाशी दोन बोटं खडे घातलेत. दर रविवारी अर्धी वाटी पाणी देते. पंधरा दिवसांपासून पानं सुरकुतायला लागली. तहान असेल म्हणून पाणी वाढवलं, तर खालची चार पानं पिवळी, आरपार दिसतील अशी झाली आणि बोट लागताच गळली. शेंडा अजून घट्ट आहे. आईनं तिच्या रोपाच्या एका पानापासून हे मला करून दिलंय. काहीही करून जगवायचंय.

मृण्मयी:
सायलीताई, शेंडा घट्ट आहे ना? मग आशा आहे, पण आजच रोप उपटा.

माती कोरडी आणि पानं सुरकुतलेली, तर रोप तहानलेलं. माती ओली असून सुरकुतलेली, तर बहुतेक मुळंच कुजलीत. ती पाणी ओढणार कुठून? त्यात आणखी पाणी घातलं की कूज खोडात चढते. माझं पहिलं रोप मी असंच घालवलं, अजून वाईट वाटतं.

ब्लेड स्पिरिटनं पुसून खोड कापा आणि काप उजेडात नीट बघा. मधोमध तपकिरी ठिपका दिसला तर ब्लेड पुन्हा पुसून थोडं वर कापा. काप स्वच्छ, फिकट हिरवा दिसेपर्यंत थांबायचं नाही. दुसऱ्या रोपाला मला पाच काप घ्यावे लागले, खोड जेमतेम नखाएवढं उरलं, तरी ते जगलं. कापताना खोडाला धरा, पानांना नको. पानांवरची पांढरी भुकटी म्हणजे मेणाचा थर. एकदा पुसला गेला की त्या पानावर परत येत नाही.

मग आठवडाभर उन्हाबाहेर, उजेडात उघडं ठेवा. काप सुकून खपली धरली की कोरड्या मिश्रणावर नुसतं टेकवा: निम्मी माती, निम्मं पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा भरड वाळू. भोकाची कुंडी हवीच. खड्यांनी निचरा होत नाही. बारीक माती पाणी धरून बसते, पूर्ण भिजल्याशिवाय ते खाली खड्यांत उतरतच नाही. उलट ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो.

कुंडीतला:
वार ठरवून पाणी देणं सोडा. ही झाडं पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे पाणी फार कमी गमावतात. त्यात तुमच्या जागेवर उजेड कमी, म्हणजे माती आणखी हळू सुकणार. काडी तळापर्यंत खुपसा, कोरडी निघाली तरच भरपूर पाणी द्या. मुळं धरली की खिडकीशी न्या, पण रोज थोडं थोडं ऊन वाढवत. एकदम कडक उन्हात पानं करपतात.

सायली:
उपटलं. मुळं काळी, बोटांत विरघळल्यासारखी. तिसऱ्या कापाला खोड स्वच्छ निघालं. काढताना पाच धडधाकट पानं बुडापासून अख्खी सुटली, तीही शेजारी सुकत ठेवलीत. त्यांच्यावर पाणी फवारू का?

मृण्मयी:
आत्ता नको. पानात आहे तेवढं पाणी पुरतं. बुडाशी गुलाबी केसांसारख्या मुळ्या दिसल्या की मग त्याखालची माती ओली करा. माझ्या शेंड्याला एकविसाव्या दिवशी दिसल्या होत्या, पानांना त्याहून उशिरा. मूळचं पान शेवटी सुकून जाईल. ते ओढून काढू नका, त्यातून फुटलेलं पिल्लू रोप त्याच्यावरच वाढत असतं.