मांडी 64.5 सेंमी: एनडीएच्या फ्लाइंग ब्रँचचा रस्ता बंद?

वेंगुर्ल्याचा_मामा:
भाचा बारावीत आहे, एनडीएतून हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचला जायचंय. उंची 183, बसून उंची 95.5, पाय 112, मांडी 64.5 सेंमी, वजन 58 किलो. मापं संध्याकाळी, पलंगावर बसवून घेतली. अर्ध्या सेंटिमीटरनं बाद होईल का? एवढी काटेकोर मर्यादा कशासाठी?

गुण्या_आणि_टेप:
मामा, आधी मापं नीट घ्या. मर्यादा अशा: उंची किमान 162.5, बसून उंची 81.5 ते 96, पाय 99 ते 120, मांडी जास्तीत जास्त 64.
गादीवर माणूस रुततो, त्यामुळे ही मापं धरू नका. कडक बाक घ्या. भिंत गिलावा केलेली हवी. उघडा जांभा नको, त्याच्या खडबडीतपणात दोन-चार मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात. ढुंगण, पाठ भिंतीला पूर्ण टेकवा, गुडघा 90 अंशांत. सुताराचा गुण्या गुडघ्याच्या पुढच्या टोकाला लावून तिथून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. ढुंगण पुढे सरकलं की मांडी लांब भरते, बहुतेकांचं इथेच चुकतं. ‘मांडी’ म्हणजे नितंब ते गुडघा, नुसतं मांडीचं हाड नव्हे.
बसून उंची मात्र सकाळी उठल्या उठल्या घ्या. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि माणूस सेंटिमीटरभर खुजा होतो. तुमचे 95.5 संध्याकाळचे आहेत, म्हणजे मला मांडीइतकीच याचीही काळजी वाटते.

कॅनोपी_रेल:
काटेकोरपणा संकटात विमानातून बाहेर पडण्याच्या वेळेसाठी आहे. इजेक्शन सीट, म्हणजे वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, रुळांवरून सरळ वर जाते. पायांचे पट्टे नडग्या सीटकडे ओढून धरतात, पण गुडघा पुढेच राहतो. मांडी लांब असली तर तो समोरच्या पॅनेलच्या कडेला किंवा कॅनोपीच्या, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक छताच्या, चौकटीला आपटतो. बसून उंची जास्त झाली तर हेल्मेट आणि कॅनोपीमध्ये जागा उरत नाही. मग वैमानिक वाकून बसतो, आणि वाकलेल्या कण्यावर सीट उडण्याचा झटका आला की बाराव्या छातीच्या आणि पहिल्या कमरेच्या मणक्याच्या आसपास फ्रॅक्चर होतं. पाय आखूड असले तर रडर पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं पायातलं पेडल) पूर्ण दाबता येत नाही.
सीट विमानागणिक वेगळी: गोव्यातल्या दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदल तळावरच्या मिग-29के लढाऊ विमानात के-36 जातीची सीट आहे, तेजसमध्ये मार्टिन-बेकर कंपनीची. पण एनडीएत शिरताना फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर हे ठरलेलं नसतं, त्यामुळे मापं सगळ्यांना तीच.

वेंगुर्ल्याचा_मामा:
आणि वजन? 58 चालेल?

कॅनोपी_रेल:
उंचीच्या मानानं कमी आहे, वाढवायला हवं. सीटचा जोर तोच राहिला तर हलक्या माणसाला वेग जास्त मिळतो आणि मान धोक्यात येते. अमेरिकेनं 2015 मध्ये 136 पौंडांखालच्या, म्हणजे सुमारे 62 किलोंखालच्या वैमानिकांना एफ-35 हे लढाऊ विमान उडवायला मनाई केली होती. हलकं हेल्मेट आणि सीटमधले बदल झाल्यावर 2017 मध्ये ती उठवली. जड माणसाची अडचण उलटी: सीट कमी उंच जाते, पॅराशूट वेगानं खाली येतं.

गुण्या_आणि_टेप:
वजन वाढवता येतं, मांडी नाही. कडक बाकावर तीनदा मोजा. तिन्ही वेळा 64च्या वर आली तर अर्जात ग्राउंड ड्यूटी, नौदल, लष्कर हे पर्याय भरून ठेवा. मुलगा अजून वाढतोय, त्यामुळे मेडिकलच्या आधी पुन्हा मोजा.