मुंबई–न्यूयॉर्क: थेट विमान की दुबईत उतरून? (आई-बाबांसाठी)

सातरस्ता_सुधा: मे महिन्यात आई-बाबा सोलापूरहून पहिल्यांदाच बहिणीकडे न्यूयॉर्कजवळच्या एडिसनला निघालेत. बाबांचे गुडघे दुखतात. बजेट दोघांचं येऊन-जाऊन दोन लाख, वर एक रुपया नाही. अंतर किती, वेळ किती, आणि थेट बरं की थांबा घेऊन? स्वतः गेलेल्यांनी सांगा.

टिळकचौक: सरळ बिझनेस क्लास काढा. आम्ही मस्त झोपून गेलो. आई-बापापुढं पैसा बघायचा नसतो.

सातरस्ता_सुधा: दोन लाख, दादा. दोघांचे मिळून.

नकाशावाला: हवाई अंतर साधारण 12,500 किमी. थेट विमान जाताना 16 तासांच्या आसपास घेतं, येताना तास-दीड तास कमी, कारण उंचावरचे पश्चिमेचे वारे पाठीमागून रेटतात. सर्वांत जवळची रेघ आइसलँडच्या बाजूनं, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून जाते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका.

काय_बे: म्हणजे उत्तर ध्रुवावरून की ओ!

नकाशावाला: नाही हो. ते जानेवारी 2021 चं सॅन फ्रान्सिस्को–बंगळूर विमान, सगळ्या महिला वैमानिकांचं. हा मार्ग वेगळा.

होटगीरोडकर: 16 तासांचं काय घेऊन बसलाव! आधी मुंबई गाठायचं बघा. सकाळची वंदे भारत धरा, साडेसहा तासांत सीएसएमटी.

सिद्धेश्वरवाला: सिद्धेश्वर एक्सप्रेसच. रात्री झोपायचं, सकाळी मुंबई.

होटगीरोडकर: विमान रात्री दोनचं असलं तर दिवसभर म्हाताऱ्यांनी चौपाटीवर बसायचं का?

सिद्धेश्वरवाला: ठाण्यात कुणी नातेवाईक नाही असा सोलापूरकर दाखवा.

जुनी_मिल: युरोपातल्या एका विमानतळावर आम्हाला दीड तासाचा थांबा होता. टर्मिनल बदलताना हिला धाप लागली, वर बॅग मागं राहिली. बॅग आली तेव्हा शेंगाचटणी सगळ्या साड्यांना लागलेली, तेलासकट. तीन तासांच्या आतला थांबा घेऊच नका. थेटच बरं.

टिळकचौक: तेच म्हणतोय, थेट. आणि बिझनेस.

एडिसनची_वहिनी: एडिसन न्यू जर्सीत आहे, त्यामुळे न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापेक्षा नेवार्क विमानतळ जवळ पडतो. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहणं वाचतं. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. मे महिन्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं, त्यामुळे रात्री दोनला निघून सकाळी साडेआठला पोचल्यासारखं दिसतं. ते साडेसहा तास नव्हेत, सोळा! अमेरिकेत आणखी विमान बदलायचं तिकीट मात्र नको. पहिल्याच विमानतळावर बॅगा उचलून परत द्याव्या लागतात.

काय_बे: शेंगाचटणी नेऊ देतात का पण?

जुनी_मिल: देतात. दोन पिशव्यांत बांधा.

सातरस्ता_सुधा: सगळ्यांचे आभार. तिकीट काढलं: हैदराबाद–दुबई–न्यूयॉर्क, केनेडीलाच. आपल्याला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, मामा तिथंच राहतो, तो विमानतळावर सोडेल. हवेत सगळे मिळून 18 तासांच्या आसपास, मध्ये दुबईत चार तास. बाबा म्हणाले, एका दमात सोळा तास बसणं होणार नाही, पाय मोकळे करू दे. केनेडीवर जावई येतोय, त्याला तिथलं पार्किंग पाठ आहे. व्हीलचेअर दोघांनाही टाकली. दोन लाखांत बसलं.

टिळकचौक: चूक केलीत.

सिद्धेश्वरवाला: हैदराबादला हुसेनसागर एक्सप्रेसनं जायलेत का मग? आरक्षण आत्ताच बघा, मे महिन्यात वेटिंग लै असतंय.