हाताला काम असूनही माणूस बेघर कसा होतो? बेळगाव बसस्थानकावरील एका प्रसंगावरून

टिळकवाडीकर
गेल्या आठवड्यात पहाटेच्या गाडीसाठी मी बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर गेलो असता, कडेला झोपलेले साठीचे एक गृहस्थ उठून अंथरूण आवरत होते. अंथरूण म्हणजे उसवून एकत्र शिवलेली सिमेंटची दोन पोती. त्यांनी ती झटकली, चौघडी घातली, उशाखालच्या चपला काढून पायांत सरकवल्या आणि नळावर तोंड धुऊन व्यवस्थित भांगही पाडला. बोलणे खानापूरकडच्या वळणाचे होते. लग्नकार्यात आचाऱ्याच्या हाताखाली असतो, एवढे त्यांनी सांगितले. घराचा विषय निघताच "चाललंय असंच" म्हणून उठले. मित्रांना हे सांगितले तर निम्म्यांनी ‘दारू असणार’ असा निकाल देऊन टाकला. मला ते पटले नाही. हाताला काम आहे, भाषा इथलीच आहे, गाव तासाभराच्या अंतरावर आहे. असा माणूस रस्त्यावर कसा येतो, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

वडगावकर
आपण ‘हाताला काम आहे’ असे लिहिले आहे, म्हणून प्रथम त्याविषयी लिहितो. वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत आम्ही मागावर वाढलो. आमच्या शेजारच्या कारखान्यात दोन कामगार यंत्रमागांच्या मागच्या खोलीत राहत असत. भाडे नाही, वीजबिल नाही, उलट रात्रीची राखण होते म्हणून मालकही खूश. पुढे साडीला उठाव राहिला नाही आणि मालकाने माग भंगारात घातले. टेम्पोत माग चढले त्याच संध्याकाळी त्या दोघांचे कामही गेले आणि छप्परही गेले. हॉटेलात बाके जोडून झोपणारी पोरे, बांधकामावरचे वॉचमन, आचाऱ्याचे मदतनीस या सर्वांची स्थिती तीच असते: मजुरी आणि निवारा एकाच माणसाच्या मर्जीवर. मार्च २०२० मध्ये हॉटेले बंद झाली, तेव्हा हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आले. एरवी ते कुणाला दिसत नाही. अशा माणसाने नवी खोली घ्यावी म्हटले तर घरमालक प्रथम डिपॉझिट मागतो आणि मग ओळखीचा माणूस विचारतो. रोजंदारीवर पोट भरते, पण डिपॉझिट साठत नाही.

निवृत्त गुरुजी
वरील मुद्द्याला जनगणनेच्या कामाचा अनुभव जोडतो. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली, तेव्हा आम्ही शिक्षक याद्या घेऊन फिरत होतो. पदपथ, फलाट, पुलाखालची जागा, देवळाचा मंडप, मोठे सिमेंटचे नळ अशा उघड्यावर राहणाऱ्यांनाच त्या व्याख्येत स्थान होते, आणि तरीही आकडा सुमारे १७ लाख ७० हजारांवर गेला. त्यांपैकी ९ लाख ३८ हजार शहरांत होते. मागामागच्या खोलीतला कामगार या आकड्यात नाही. तो मोजला जातो उद्या, रस्त्यावर आल्यावर.

दारूबद्दल मात्र आपल्या मित्रांना सरसकट चूक म्हणणार नाही. दारूने घर मोडलेली माणसे मी पाहिली आहेत. पण उघड्यावरच्या थंडीत झोप लागावी म्हणून पुढे दारूला लागलेलीही पाहिली आहेत, आणि आपल्याला दिसते ती फक्त शेवटची अवस्था. २०१३ पासून राबवल्या गेलेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाच्या नियमांत दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांच्या कायम निवाऱ्याची तरतूद होती. २०११ मध्ये बेळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार होती. हिशेब आपणच करावा.

सीमेवरची ताई
या चर्चेत बायका कुठे आहेत? त्या बसस्थानकावर कमी दिसतात, कारण उघड्यावर झोपणे त्यांना परवडत नाही. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात रुग्णाच्या नातेवाईक म्हणून बसून राहतात किंवा देवस्थानाचा आश्रय घेतात. मी आरोग्याच्या कामानिमित्त अशा अनेकींशी बोलले आहे. त्यांच्या कहाणीत एक कागद वारंवार येतो, तो म्हणजे हक्कसोडपत्र. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा मिळाला, पण भावाशी वाईटपणा नको, माहेर तुटायला नको, म्हणून बहीण सही करून मोकळी होते. नवरा वारला आणि दिराने उताऱ्यावर तिचे नाव लावले नाही की मग तिला कळते की माहेरचा भाऊ प्रेमळ असला तरी घर आता वहिनीचे आहे.

दुसरे कारण मानसिक आजाराचे. घरचे थकतात, औषध बंद होते आणि माणूस एक दिवस गाडीत बसून निघून जातो. अशी व्यक्ती फिरताना आढळल्यास तिला संरक्षण देऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावे आणि घरच्यांचा शोध घ्यावा, ही जबाबदारी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०० ने पोलिसांवर टाकली आहे. त्यामुळे कुणी आढळल्यास ठाण्यात जाऊन या कलमाचा उल्लेख अवश्य करावा. मी केला आहे आणि त्याचा उपयोग झाला आहे.

चंदगडचा
आमच्या भागाला बाजार बेळगावचा आणि कागद महाराष्ट्राचे. आता रेशनचे धान्य देशात कुठेही उचलता येते, हे खरे. पण निराधारांचे मासिक अनुदान ज्या त्या राज्याचे असते. बेळगावात वीस वर्षे हमाली केलेला आमच्याकडचा म्हातारा कर्नाटकाच्या लेखी इथला नसतो, आणि गावी परतावे तर तिथे त्याची खोली भावाने गोठ्याला घेतलेली असते. इथल्या अर्जाचा कन्नड नमुना कोण भरून देणार, हा त्यापुढचा प्रश्न.

टिळकवाडीकर
सर्वांचे आभार. काल रात्री मुद्दाम बसस्थानकावर जाऊन त्या गृहस्थांना भेटलो. वडगावकरांचा अंदाज जवळजवळ बरोबर निघाला: अकरा वर्षे ते आचाऱ्याच्या भांड्यांच्या गोदामात झोपत होते; आचारी वारल्यावर मुलाने गोदाम विकले. काम अजून मिळते, कारण बासुंदी आटवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असे ते स्वतःच सांगत होते. खानापूर तालुक्यात सख्खी बहीण आहे. तिथे का जात नाही, असे विचारल्यावर ते बराच वेळ पोत्याची शिवण चाचपत राहिले आणि म्हणाले, "भाच्याचं लग्न झालं तेव्हा आहेर नव्हता म्हणून गेलो नाही. आता कुठल्या तोंडानं राहायला जाऊ?"