मदत हवी आहे: जुन्या एंटरप्राइज होडीचं सुकाणू खुळखुळतंय, कड्यांना बुश (झिजलेल्या भोकात बसवायची नळी) मारू की नवीन बसवू?

मंडळी, इथे शिडाच्या होडीवाले कितीसे असतील माहीत नाही, पण लेथवर आयुष्य काढलेले आणि लाकूड-इपॉक्सीत हात घालणारे नक्की आहेत, म्हणून धागा काढतोय.

मी आणि मेव्हणा मिळून एक जुनी एंटरप्राइज डिंगी बाळगून आहोत. तीच ती निळ्या शिडांची, सव्वातेरा फुटी, जॅक होल्टचं १९५६ चं डिझाइन, आमची मरीन प्लायची आहे, फायबरची नाही. अलिबागच्या बाजूला ओळखीच्यांच्या वाडीत असते, आत्ता पावसामुळे ताडपत्रीखाली उलटी पडलीय, त्यामुळे जे काय करायचं ते सीझन सुरू व्हायच्या आत उरकायचंय.

प्रॉब्लेम असा की ट्रान्समवर, म्हणजे मागच्या उभ्या फळीवर, वरखाली दोन कड्या (गजन) आहेत आणि सुकाणूला दोन पिना (पिंटल), पिना कड्यांत अडकवायच्या की झालं, इतकं साधं प्रकरण. खालची पिन मुद्दाम जरा लांब असते, म्हणजे कंबरभर पाण्यात उभं राहून लावताना ती आधी बसते आणि मग वरची सापडते. तर खालच्या कडीचं भोक आता गोल राहिलेलंच नाही, व्हर्नियर लावला तर डावी-उजवीकडे साडेनऊ मिमी आणि पुढेमागे सव्वाआठ. पिन मुळाशी ८ आहे (बहुतेक मूळची ५/१६ इंची) आणि जिथे घासते तिथे ७ च्या आसपास. वरची जोडी त्यामानाने ठीक. सकाळच्या हलक्या वाऱ्यात काही जाणवत नाही पण दुपारचा वायव्येचा वारा चढला की मागून ठकठक सुरू होते, टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) हातात थरथरतो, वळताना क्षणभर काहीच होत नाही आणि मग होडी एकदम तोंड फिरवते. लाटेत हे फार वाईट.

नवीन फिटिंग सीशुअर, ॲलन वगैरेंची मिळतात पण बाहेरून मागवायची म्हणजे शिपिंग, कस्टम्स धरून खिसा रिकामा, आणि बोल्टच्या भोकांचं अंतर जुळेलच असं नाही, मग ट्रान्समला नवी भोकं पाडा, ते मला नकोय. इथला एक वेल्डर म्हणतो भोक भरून देतो, परत पाडून घ्या. पण धातू पितळ आहे की गनमेटल (तांबं-कथलाचा मिश्रधातू) तेच कळत नाहीये, नुसता पिवळट आहे. कोणी असं काम केलंय का?

लेथवाला चिंचवडकर: वेल्डरला आधी हात जोडून घरी पाठवा. भरून पाडलेलं भोक जागेवर येत नाही आणि पितळ असेल तर जस्त जळून धूर तेवढा होईल. कानस घ्या आणि कडीच्या कोपऱ्यावर, दिसणार नाही अशा जागी, जरा घासा. आतून स्वच्छ पिवळं किंवा तांबूस-सोनेरी चकचकीत निघालं तर ठीक. फिक्या गुलाबी रंगाचं आणि भुसभुशीत निघालं तर ते पितळ आहे आणि खाऱ्या पाण्याने त्यातलं जस्त खाऊन टाकलंय, आता नुसता तांब्याचा स्पंज उरलाय, त्यात बुश मारण्यात अर्थ नाही, एक दिवस हातात तुकडा येईल.

धातू चांगला असेल तर बुशच. कडीची बाहेरची जाडी मोजा, बोअर मोठं केल्यावर भोवती निदान ३ मिमी भिंत उरली पाहिजे. बुश गनमेटलचं किंवा डेल्रीन या टणक प्लास्टिकचं. नायलॉन नको, ते पाणी पितं, फुगतं आणि पिन धरून बसतं. आणि पिन ७ ची झालीय हे हलक्यात घेऊ नका राव, वाकण्याची ताकद व्यासाच्या घनावर जाते, म्हणजे ८ ची ७ झाली की साधारण तिसरा हिस्सा गेलाच.

खाडीकाठ: एक बेसिक शंका. ठकठक नक्की कडीतूनच येतेय ना? तुमचं सुकाणू उचलतं पातंवालं असेल तर पात्याचा पिव्हट बोल्ट ढिला असतो, बाजूच्या दोन फळ्या फाकलेल्या असतात, टिलरही डोक्याच्या खाचेत हलतो. मेव्हण्याला पातं घट्ट धरून ठेवायला सांगा, तुम्ही टिलर हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट कडी आणि पिन दोन्हीला एकदम टेकवून ठेवा. हललं तर बोटाला लगेच कळतं. मग तेच टिलरच्या खाचेपाशी आणि पिव्हटपाशी करा. तीन ठिकाणचा थोडा थोडा लूजपणा मिळून सगळा दोष बिचाऱ्या कडीच्या माथी जातो.

आणि काही करा पण सुकाणूला एक दोरी बांधा. उलटलात आणि सुकाणू अडवून धरणारी क्लिप नसेल तर सुकाणू निघून जातं, मग पोहत शोधा.

साउथॅम्प्टनकर: आमची वेफेरर डिंगी आहे, तिला हेच झालं होतं. इकडे बरेच जण लेथ न वापरता इपॉक्सीचंच बुश ओततात. कडीचं भोक १२ मिमीपर्यंत मोठं करायचं, आतून खरखरीत करायचं, पिनेला गाडीचं वॅक्स नीट चोळायचं (हे विसरलात तर सुकाणू कायमचं चिकटलं), मग इपॉक्सीत सिलिका आणि ग्रॅफाइट पावडर कालवून श्रीखंडाइतकं दाट करायचं आणि सुकाणू जागेवर सरळ टांगून भोवतीने भरायचं. फायदा असा की वरची-खालची कडी आपोआप एका रेषेत येते. लेथवर कडी एकटी सुटी बोअर करून आणली की बुश सुरेख होतं आणि बसवल्यावर दोन्हींची रेषा जुळत नाही, मग सुकाणू जड फिरतं, आणि माणूस त्यालाच घट्ट बसलं म्हणून खूश होतो.

तुमच्याकडे पावसाळ्यात मात्र दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, पुढचा हात द्यायच्या आधी साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुऊन टाका.

अजून एक, कड्या काढाल तेव्हा लाकूड बघा. जुन्या प्लायच्या होडीत खरा आजार तिथेच असतो.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. रविवारी जाऊन आलो. टिलर ठीक आहे, पिव्हटमध्ये थोडी ढिलाई आहे, तो बोल्ट आवळला तरी खालची कडी बोटाखाली सरळ सरळ हलते, म्हणजे निदान बरोबर होतं. कानस मारली, वरची कडी आतून छान सोनेरी, खालची मात्र गुलाबी आणि काळपट ठिपके. तिचे बोल्ट काढले तर डाव्या भोकाभोवती प्लाय काळं पडलेलं, बारीक स्क्रूड्रायव्हर टोचला तर आत गेला, मूठ ठोकली की तिथे आवाजही बद्द येतो. उजवं भोक टणक आहे. पातं, डोकं, पिना सगळं घरी घेऊन आलोय, बायको म्हणते हॉलमध्ये हे कशाला.

आता काय, फळी बदलावी लागेल का?

साउथॅम्प्टनकर: एका भोकापुरतं असेल तर नाही. आधी वाळवा, घाईने नाही, होडी कोरड्या जागी घेऊन तिथे पंखा लावून ठेवा. मग काळं लाकूड टणक लागेपर्यंत कोरून काढा, भोवती पातळ इपॉक्सी पाजा, मग दाट इपॉक्सीने भरा आणि पूर्ण घट्ट झाल्यावर त्यातच बोल्टचं भोक पाडा, म्हणजे पुढे पाणी गळलं तरी लाकडाला शिवणार नाही. उजव्या भोकालाही तेच करा, टणक असलं तरी. आतून वॉशरऐवजी एक प्लेट द्या म्हणजे ताण पसरतो. सिलिकॉन लावू नका, पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेन सीलंट लावा.

लेथवाला चिंचवडकर: गुलाबी कडी भंगारात. जुनी नमुना म्हणून टर्नरला द्या, गनमेटलच्या तुकड्यातून तशीच नवी कडी करून घ्या, बोल्टची भोकं जुन्याच अंतरावर, म्हणजे तुमचा कस्टम्सचा प्रश्न मिटला. माल मुंबईत नागदेवी-गुलालवाडीच्या पट्ट्यात बघा, दारूखान्यातही जहाजाचं गनमेटल मिळतं पण तिथे नजर पाहिजे. खालची पिन एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ ची नवीन करा. दुकानदार चुंबक लावून दाखवेल की चिकटत नाही म्हणजे ३१६, पण ३०४ या दुसऱ्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटत नाही, तेव्हा बिल आणि टेस्ट सर्टिफिकेट मागा. सुकाणू तुम्ही दरवेळी काढून ठेवता त्यामुळे स्टील आणि गनमेटल एकत्र असलं तरी फार बिघडणार नाही.

धागाकर्ता: म्हणजे वरच्या कडीला डेल्रीन बुश, खालची कडी नवी, पिन नवी. पिन आणि बुशमध्ये फट किती ठेवायला सांगू? टर्नर विचारणारच.

लेथवाला चिंचवडकर: ८ च्या पिनेला ८.२. तो एकदम टाइट फिट करून द्यायला बघेल, त्यांना तेच चांगलं काम वाटतं, त्याला सांगा वाळू जाते. आणि दोन्ही कड्या बसवताना आधी बोल्ट ढिले ठेवून एकच लांब सरळ ८ मिमी रॉड दोन्हींतून ओवा, रॉड हाताने सहज फिरला की मगच आवळा.