जो आधी हात वर करेल त्यालाच स्टेजवर बोलवावं का?

जादूच्या शोमध्ये प्रेक्षकांतून कुणाला स्टेजवर घ्यायचं, तर जो आधी हात वर करेल त्यालाच बोलवा असं काही जण सांगतात, पण जादू करताना माझा अनुभव बरोबर उलटा आहे. जो खुर्चीतून अर्धा उठून "मी, मी" करतो ना, त्याला बऱ्याचदा जादू बघायची नसते, तुम्हाला पकडायचं असतं. मी शो सुरू झाल्यापासूनच बघत असतो कोण मनापासून हसतंय, कोण पुढे वाकून बघतंय, आणि पहिल्याच आयटमला सगळ्यांना काहीतरी साधं करायला सांगतो, बोटं गुंफा वगैरे, जो पटकन आणि नीट करतो तो सूचना ऐकणारा माणूस. पत्त्यांच्या ट्रिकला असाच हवा, कारण पत्ता विसरला की खेळ खल्लास. एकदा एक बाई माईक समोर आल्यावर इतक्या गांगरल्या की शेवटी हळूच म्हणाल्या, "बदाम होतं की चौकट, आठवतच नाहीये हो". चूक माझीच, पत्ता आधी प्रेक्षकांना दाखवायला सांगायला हवा होता, तेव्हापासून ते कधी चुकवत नाही.

निवड खरंच रँडम दिसायला हवी असेल (माइंड रीडिंगला तर हवीच) तर पाठमोरं होऊन कागदाचा बोळा फेकायचा, ज्याने झेलला त्याने अजून पुढे फेकायचा, मग आपलाच माणूस बसवलाय ही शंका बरीच कमी होते.

आणि मान खाली घालून बसलेल्याला प्लीज ओढून आणू नका. जो येईल त्याला नाव विचारा, पायरी चढताना हात द्या, जाताना टाळ्या त्याच्यासाठी मागा.